घोडीसाठी घरचा बर्फ: चाटायला द्या, चावायला नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका गृहस्थांनी गेल्या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून ६ वर्षांची मारवाडी घोडी आणली. दारात आधीपासून २२ वर्षांचा एक तट्टू आहे. एप्रिल अर्धाही सरला नाही तोच पारा ४३च्या वर गेलाय. परदेशातले लोक फळं घालून गोठवलेला बर्फ घोड्यांना देतात हे त्यांच्या लेकीने मोबाइलवर पाहिलं, आणि आपल्या घोडीसाठी तिला तसंच काही करायचं आहे. घोडी सांभाळणारे काका मात्र म्हणतात, तापल्या जनावराला गार दिलं की पोटशूळ ठरलेला. घरात एका दाराचा साधा फ्रिज. मग काय घालायचं, किती द्यायचं, की द्यायचंच नाही? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: "दुपारी घोडी पाण्याला तोंड लावत नाही, चंदीही (दाण्याचा खुराकही) अर्धी टाकते."

मी या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. बर्फाचं नंतर बघू. त्याने लेकीला आणि घोडीला दोघींनाही मजा येईल, आणि मी तो करायला सांगणारच आहे. पण जी घोडी ४३ अंशात पाणी पीत नाही तिला आधी पाणी प्यायला लावायचं.

मी २३ वर्षं घोडी सांभाळतोय. आधी पुण्यात शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात होतो, आता फलटणजवळ माझी छोटी पागा आहे, ११ जनावरं. मी पशुवैद्यक नाही. औषधाचं किंवा आजाराचं जिथे येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यावर.

तुमच्या घोडीचं पाणी कुठून येतं? गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतून येत असेल तर कोडं तिथेच सुटलं. एका मे महिन्यात दुपारी अडीचला मी माझ्या टाकीच्या नळाखाली डेअरीतला थर्मामीटर धरला होता. ४४ अंश. घोडीच्या स्वतःच्या अंगापेक्षा ते पाणी गरम होतं, आणि मी मात्र "पाणी भरलंय, पीत नाही" म्हणून तिच्यावर चिडत होतो. त्या दिवसापासून माझ्याकडे दुपारचं पाणी रात्रीच भरलं जातं. सिमेंटचा हौद सावलीत, आणि शेजारी दोन मोठे रांजण, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. तुमच्याकडची हवा कोरडी आहे, त्यामुळे मातीचा रांजण खानदेशात जेवढं गार करतो तेवढं कोकणात कधीच करणार नाही. त्याचा फायदा घ्या. आणखी एक: उन्हात पडलेल्या रबरी पाइपातलं पहिलं पाणी जवळजवळ उकळतं असतं. ते आधी जमिनीवर सोडून द्या. घाईत ते थेट अंगावर मारून जनावराला पोळल्याचं मी पाहिलंय.

तुमच्या घोडीचं वजन साधारण ४०० किलोच्या आसपास धरतो. कडब्यावर आणि कोरड्या चंदीवर असलेलं एवढं जनावर थंडीत दिवसाला २०-२५ लिटर पाणी पितं. आत्ताच्या उन्हात ते ४० लिटरवर जायला हवं, काम असेल तर त्याहून जास्त. एक आठवडा बादल्या मोजा. मोजल्याशिवाय "कमी पिते" म्हणजे किती कमी हे कळत नाही, आणि पुढे डॉक्टरांना सांगायलाही हाच आकडा लागतो.

आता बर्फ खरोखर किती गार करतो ते पाहू. २ किलोची लादी घोडीने पूर्ण चाटून संपवली तर ती वितळताना आणि तिचं पाणी अंगाच्या तापमानाला येईपर्यंत घोडीच्या शरीरातून सुमारे २५० किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. ऐकायला बरं वाटतं, पण तेवढी उष्णता ४०० किलोची घोडी नुसती उभी राहून साधारण अर्ध्या तासात तयार करते. याउलट अंगावरचा १ लिटर घाम किंवा तुम्ही ओतलेलं १ लिटर पाणी पूर्ण वाळलं की जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे सावलीत उभं करून अंगावर टाकलेली एक बादली, तिच्यातलं अर्धं ओघळून गेलं तरी, बर्फाच्या कितीतरी लाद्यांचं काम करते. म्हणून बर्फ दिला म्हणजे घोडी थंड झाली असं कोणी समजू नये. बर्फाचा उपयोग वेगळा आहे. दुपारच्या तीन तासांत बांधून ठेवलेल्या, कंटाळलेल्या जनावराला करायला काहीतरी मिळतं. तोंड ओलं राहतं, थोडं पाणी आणि थोडं मीठ पोटात जातं. पाण्याकडे न वळणारी घोडी बर्फ चाटता चाटता पाण्याकडे वळते, हे मी माझ्याकडे अनेकदा पाहिलंय. एवढं पुरेसं आहे, आणि तेवढ्यासाठी तो नक्की करावा.

तुमच्या काकांच्या भीतीबद्दल. त्यांना गप्प करू नका. त्यांनी जे पाहिलंय ते खरं आहे, फक्त कारण दुसरं आहे. खूप दमलेल्या, घामाने पाणी आणि क्षार गेलेल्या घोड्याचं आतडं मंद पडतं. त्याला पोटशूळ होतो तो त्या थकव्याने आणि पाणी कमी पडल्याने. पण शेवटची गोष्ट म्हणून त्याला गार पाणी पाजलेलं असतं, मग खापर पाण्यावर फुटतं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथल्या उष्ण आणि दमट हवेत घोडे टिकतील कसे म्हणून यावर पुष्कळ अभ्यास झाला. तापलेल्या घोड्यांच्या अंगावर बर्फाचं पाणी सतत ओतलं तरी त्यांचे स्नायू आखडत नाहीत, उलट ताप लवकर उतरतो, हे तिथे स्पष्ट झालं. आता जगभर मोठ्या स्पर्धांत तेच करतात. कामावरून आलेल्या घोड्याला पाणी तोडायचंही कारण नाही. मी लगेच पाणी दाखवतो, रांजणातलं, फार गार नाही. घोडे दमल्यावर बर्फगार पाण्यापेक्षा साधं गारसर पाणी जास्त पितात.

तरीही कामावरून आल्या आल्या बर्फाची लादी मी देत नाही. पोट बिघडेल म्हणून नव्हे. त्या वेळी घोडीला बादलीभर पाणी हवं असतं, बर्फ चाटून ते भागत नाही. शिवाय धापा टाकणारं, हावरटलेलं जनावर चाटत नाही, कडाकडा फोडतं. श्वास शांत झाला, नाकपुड्या फुगायच्या थांबल्या, पाणी पोटभर पिऊन झालं, त्यानंतर तासाभराने लादी. काकांना हे असं सांगितलंत तर ते तुमच्याच बाजूने उभे राहतील.

हावरटपणाचा धडा मला महागात पडला आहे. पागेच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी बर्फाच्या छोट्या वड्या केल्या होत्या. प्रत्येकीत गाजराची एक गोल चकती. दिसायला सुंदर. माझ्याकडे एक खाण्याच्या बाबतीत अधीर असलेला खच्ची घोडा होता. त्याने मूठभर वड्या एकदम तोंडात घेतल्या, दोनदा दात चालवले आणि गिळल्या. मिनिटभरात मान लांब ताणायला लागला, मग खोकला, मग दोन्ही नाकपुड्यांतून लाळ आणि चंदीचा लगदा. अन्ननलिका तुंबली होती. डॉक्टर येऊन नळी घालून मोकळं करेपर्यंत दीड तास गेला, आणि तो दीड तास मी त्याच्या शेजारी उभा होतो. घोड्याला उलटी करता येत नाही, अडकलेलं बाहेर फेकता येत नाही. त्यात बर्फाचा दोष नव्हता, बर्फ वितळून गेला. अडकली ती गाजराची गोल, गोठून दगड झालेली चकती, अन्ननलिकेच्या मापाची.

असं कधी तुमच्याकडे झालं, गाजराने होवो की कोरड्या चंदीने, तर चारा-पाणी दोन्ही समोरून काढा, डोकं खाली राहू द्या आणि डॉक्टरांना बोलवा. श्वासनलिका वेगळी असते, त्यामुळे घोडी श्वास घेत राहते. घाबरून जाऊ नका. पण बांबूच्या नळकांड्याने तेल किंवा पाणी पाजायला कोणी पुढे आला तर हात धरून थांबवा. ते फुफ्फुसात जातं आणि मग जिवावर बेततं.

त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. लादी एवढी मोठी हवी की ती तोंडात मावू नये, म्हणजे २ लिटर आणि वर. आणि आत जे घालायचं ते किसलेलं किंवा गाळलेलं, तुकडे नाहीत.

करायची पद्धत सांगतो. तुमच्या छोट्या फ्रिजला आइस्क्रीमचा मोठा डबा किंवा २ लिटरचं रुंद तोंडाचं पातेलं चालेल. तोंडाकडे निमुळतं भांडं नको, लादी बाहेर निघत नाही. वर दोन बोटं जागा सोडा, बर्फ होताना पाणी फुगतं. आधी तिसरा हिस्सा साधं पाणी ओतून गोठवा, मग त्यावर कीस पसरा, मग उरलेलं पाणी. एकदम सगळं घातलंत तर कीस एकाच बाजूला गोळा होतो, मग घोडी तेवढाच भाग चाटते आणि बाकीची लादी लाथेने उडवते. भरलेल्या फ्रिजमध्ये दोन थरांना मिळून पूर्ण दिवस-रात्र धरा. आज सकाळी लावाल ती उद्या दुपारी. एका दाराच्या फ्रिजमध्ये रोज एक लादी जमते, त्याहून जास्त लागतही नाही.

कशाचा कीस? माझ्याकडे गाजर, काकडी, कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग, बिया काढलेलं सफरचंद, आणि पुदिना. पुदिन्याची काडी बहुतेक घोड्यांना आवडते. चुरगळून घाला, वास सुटतो. तुमच्या भागात केळं घरचं असतं. पिकलेलं अर्धं केळं कुस्करून घातलं तर चालतं. या सगळ्याचा मिळून ऐवज दिवसाला पाव किलोच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि सुरुवात मूठभरापासून करा. घोड्याचं पचन मागच्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं, त्यांना रोजचा चारा ठाऊक असतो. अचानक गोड आणि पाणचट काही जास्त गेलं की ते बिथरतात.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडणारी लादी यापैकी कशाचीच नाही. वाळलेला लसूणघास (ल्युसर्न हा चारा, खायचा लसूण नव्हे) एक ओंजळ घ्या, २ लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा, फडक्याने गाळा आणि ते हिरवट पाणी गोठवा. बस्स. साखर नाही म्हटलं तरी चालेल, घशात अडकायला काही नाही, खर्च नाही, आणि घोडी त्यावर फळांच्या लादीइतकीच तुटून पडते. मुलांना ती रंगीत दिसत नाही म्हणून ती नाराज होतात, ही एकच अडचण. तुमच्या २२ वर्षांच्या तट्टूला तर मी फक्त हीच देईन. त्या वयात दाढा झिजलेल्या किंवा हललेल्या असतात. गार बर्फ दाताला लागला तर तो मागे सरकेल, मग आग्रह करू नका. त्याच्यासाठी त्याच लसूणघासाच्या पाण्यात कोंडा आणि चंदी नीट भिजवून गारसर पेज करा. म्हाताऱ्या जनावराच्या पोटात दुपारचं पाणी जायचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

गुळाचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. आपल्याकडे घोडा म्हटलं की गूळ-हरभरा हे डोक्यात पक्कं असतं. दिवसभर नांगराच्या बैलाएवढी राबणारी जनावरं होती तेव्हाची ती चंदी आहे. आज आपली बरीच घोडी दिवसातले २२ तास उभी असतात. देशी जातीची जनावरं थोडक्यावर अंग धरतात. मानेवर आयाळीखाली चरबीचा कडक वळ आला असेल, खुरांना पूर्वी सूज येऊन गेली असेल, तर गूळ पूर्ण बंद, फळंही बंद, फक्त लसूणघासाची लादी. अंगाने हलकी, रोज काम करणारी घोडी असेल तर सुपारीएवढा खडा पाण्यात विरघळवून घातला तर बिघडत नाही. मात्र गोड लादी वितळून घमेल्यात जे पाणी साचतं त्यावर उन्हाळ्यात माश्या आणि मधमाश्या येतात. मी एका शिंगराच्या ओठाला मधमाशी डसलेली पाहिली आहे, तोंड घागरीसारखं सुजलं होतं. संपलं की लगेच धुऊन टाका. उसाचा रस गोठवून द्यायचा विचार आमच्याकडे पुष्कळांना सुचतो, तो नकोच.

मिठाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तुमच्या घोडीच्या पाणी न पिण्यामागे तेही असू शकतं. घोड्याच्या घामात मीठ फार असतं, माणसाच्या घामापेक्षा पुष्कळ जास्त. घाम वाळल्यावर खोगिराखाली आणि मांड्यांच्या मध्ये पांढरे डाग राहतात ते तुम्ही पाहिले असतील. आणि शरीरातलं मीठ कमी झालं की तहानेची जाणीवच बोथट होते, म्हणजे जिला पाण्याची सगळ्यात जास्त गरज तीच पीत नाही. ४०० किलोच्या, काम नसलेल्या घोडीला दिवसाला २०-२५ ग्रॅम साधं मीठ लागतं, सपाट चार चहाचे चमचे. घाम गाळणाऱ्या दिवशी दुप्पट, सकाळ-संध्याकाळ चंदीत विभागून. एकदम नको, आठवडाभरात वाढवत न्या, आणि पाणी समोर कायम असेल तरच. सैंधवाचा खडा टांगून ठेवलात तरी घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते, तो चाटून पुरेसं मीठ मिळवत नाही. लादीत मी २ लिटरला एक सपाट चमचाच घालतो. जास्त घातलं तर बर्फ भुसभुशीत होतो आणि घोडी तोंड फिरवते. बटाटा-केळ्यातून माणसाला मिळतं ते पोटॅशियम घोड्याला कडबा आणि हिरव्या चाऱ्यातून भरपूर मिळतं, त्याची चिंता नको. किडनीचा काही त्रास आधी सांगितलेला असेल तर मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारून.

लादीत काय घालू नये हे सांगायला वेळ घेत नाही: कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, कोबी-फ्लॉवर, चॉकलेट, चहा, आंब्याची कोय, दूध-दही, रंगीत सरबतं, माणसांची गोळ्या-पावडरीची एनर्जी पेयं. शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरणारं जनावर असेल तर चहा-कॉफी-कोको यांचा अंशही चालत नाही, तपासणीत सापडतो.

फ्रिज पुरत नाही म्हणून कारखान्यातली लादी आणायचा मोह होईल. महाराष्ट्रात २०१८पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे. निळसर दिसला तर तो जनावराच्या तोंडाला लावू नका. आणि पांढरा दिसला तरी कोणत्या पाण्याचा आहे ते ठाऊक नसेल तर तो फक्त बादलीबाहेर, रांजणाभोवती ठेवायला वापरा. घोडीच्या तोंडात जाणारं पाणी तुम्ही स्वतः पिऊ शकाल असंच हवं.

देताना लादी फ्रिजमधून काढल्या काढल्या देऊ नका. फार गोठलेल्या बर्फाला ओला ओठ, जीभ चिकटते. सावलीत दहा मिनिटं ठेवा, वरून तांब्याभर पाणी ओता, पृष्ठभाग चमकायला लागला की तयार. टायरच्या रबराचं घमेलं मिळतं ते उत्तम. लोखंडी घमेल्याच्या कडा नाकपुडीला लागतात. मोबाइलवरच्या चित्रांत लादीला दोरी घालून टांगतात. मी टांगत नाही. बर्फ वितळल्यावर उरते ती गोड लागलेली दोरी, घोडी ती चावते, गिळते, नाहीतर पाय अडकवते. काठी, प्लॅस्टिकची पिशवी, रबर, यातलं काहीही बर्फात राहता कामा नये. दुधाच्या पिशवीत बर्फ करायची आपली सवय असते. त्यात केलात तर पिशवी पूर्ण सोलून, कोपरा तुटलेला नाही ना हे पाहूनच.

पाण्याच्या बादलीत लादी तरंगत ठेवली तर? काही घोड्यांना तो खेळ वाटतो, नाकाने ढकलत राहतात आणि त्या नादात पितात. काही मात्र त्या बादलीला तोंडच लावत नाहीत. म्हणून शेजारी बर्फ नसलेली, भरलेली दुसरी बादली हवीच. हा नियम माझ्याकडे कधीच मोडत नाही.

इथवरचं एकत्र करून तुमचा उद्याचा दिवस असा असेल. फिरवणं-पळवणं सकाळी सातच्या आत संपवायचं. पाणी सावलीत, रात्रीचं भरलेलं. चंदीत मीठ, पहिल्या दिवशी दोनच चमचे. बारा वाजता आणि अडीच वाजता सावलीत उभी करून मान, छाती, पोट आणि मांड्यांच्या आतल्या बाजूवर पाणी. कोरड्या हवेत ते झपाट्याने वाळतं आणि घोडी गार होते. एक-दीडच्या सुमाराला लादी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चंदीचा मोठा वाटा. दुपारच्या भर उन्हात ती चंदी टाकते यात आश्चर्य नाही, भूक संध्याकाळी असते.

हे वाचणारं कोणी मुंबईत किंवा कोकणात असेल तर त्यांच्यासाठी गणित बदलतं. दमट हवेत अंगावरचं पाणी आणि घाम वाळतच नाही. तिथे नुसती बादली पुरत नाही, पाणी सतत बदलत ओतावं लागतं आणि पंखा हवा. अशा हवेत काही घोड्यांचा घामच बंद होतो. अंग कोरडं, लव उभी, उभ्या जागी धाप. ही गोष्ट डॉक्टरांचीच आहे, त्यात बर्फाच्या लादीने काही होत नाही.

तुम्हीही एक साधा थर्मामीटर आणून ठेवा, गुदद्वारात लावून ताप बघायला काकांकडून शिका. शांत उभ्या घोडीचा ताप साधारण ३७.२ ते ३८.३ अंश, श्वास मिनिटाला ८ ते १६, ठोके २८ ते ४४. हिरड्या ओल्या आणि गुलाबी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत. सावलीत विश्रांती घेऊनही ताप ३९.५च्या वर राहिला तर फोन करा. ४० ओलांडला, पाय अडखळायला लागले, डोळे निस्तेज झाले, तर डॉक्टर येईपर्यंत मिळेल तेवढं गार पाणी सगळ्या अंगावर, न थांबता. अंगावरचं पाणी निपटत बसू नका, ओतत राहा. त्या वेळी फ्रिजकडे कोणी धावू नये.

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात भावकीतल्या दोन लग्नांत घोडी न्यायची आहे. हे वाचून मला काळजी वाटली, म्हणून स्पष्ट सांगतो. दिवसभर तापलेल्या डांबरावर, जड झूल आणि कलाबतूच्या साजाखाली, बँड आणि जनरेटरच्या धगीत दोन तास संथ चालणं हे तिच्यासाठी मोकळ्या शेतात दौड मारण्यापेक्षा वाईट आहे. वारा लागत नाही, झुलीखाली घाम वाळत नाही, आणि गर्दीत तिला कोणी पाणी दाखवत नाही. न्यायचीच असेल तर सूर्य मावळल्यावर, सुती हलकी झूल, आणि तुमच्या गाडीत ४० लिटरचा ड्रम आणि तिची स्वतःची बादली. अनोळखी बादलीतून घोडी पीत नाहीत. दर अर्ध्या तासाला वरात थांबवून पाणी दाखवायचं हे नवरदेवाच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवा. घरी आल्यावर झूल काढून अंग धुवा, खरारा दुसऱ्या दिवशी. लादी त्या रात्री दिलीत तरी चालेल, श्वास शांत झाल्यावर.

शेवटी तुमच्या लेकीसाठी, कारण हे सगळं तिच्यामुळे सुरू झालं. पहिल्या दिवशी घोडी कदाचित लादी हुंगेल, पुढच्या पायाने उकरेल आणि निघून जाईल. नव्या वस्तूला ती अशीच वागते. लादीवर ओल्या हाताने थोडी चंदी चोळून ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीभ लागेल. लेकीने घोडीच्या समोर बसून नाही, खांद्याच्या बाजूला उभं राहून पाहायचं, आणि पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही. चाटणं थांबून दातांचा आवाज यायला लागला तर घमेलं काढून घ्यायचं. लादी मुठीएवढी उरली की तीही काढायची. आणि भिंतीवर खडूने रोजच्या बादल्यांच्या रेघा मारायच्या. दहा दिवसांनी त्या रेघा मोजून मला कळवा, आणि तोपर्यंतही बादल्या वाढल्या नसतील तर बर्फाचं बाजूला ठेवून आधी घोडीचे दात तपासून घ्या. दाढेला टोक आलेली घोडीही पाण्यापासून आणि चंदीपासून अशीच मागे सरते.